दहा प्रयोग आणि एका मंडळाचे पीक

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याला रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या भिंती लागतात. त्यांच्या पलीकडील शिवारांत बाजरी, मका, कापूस ही पिके आजही उभी असतात. कारखान्यातील माल तपासणारा निरीक्षक आणि शिवारात पीक कापणी प्रयोग करणारा तलाठी यांचे काम वस्तुतः एकच होय. थोडके पाहून पुष्कळाविषयी निर्णय द्यावयाचा. असा निर्णय किती वेळा चुकेल, हे संभाव्यताशास्त्राच्या साहाय्याने आधीच सांगता येते.

निरीक्षकाचे उदाहरण सोपे आहे. शंभरात दोन नग सदोष असलेल्या मोठ्या साठ्यातून ५० नग यदृच्छया काढले, तर त्यांत एकही सदोष नग न सापडण्याची संभाव्यता सुमारे ३६ टक्के येते (०.९८ ही संख्या ५० वेळा मांडून केलेला गुणाकार). नमुना निर्दोष निघाला म्हणून साठाही निर्दोष, असे म्हणणे धाडसाचे ठरते.

तलाठ्याच्या कामावर शेतकऱ्याची नुकसानभरपाई अवलंबून असते. प्रत्येक शेताचे उत्पादन मोजणे अशक्य असल्यामुळे पीक विमा वैयक्तिक शेतावर न ठरविता क्षेत्रावर ठरवावा, असा विचार अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये मांडला. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही ते कायम आहे. महसूल मंडळ हा घटक धरल्यास एका पिकासाठी किमान १० प्रयोग करावयाचे असतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाहून कमी आली, तरच त्या प्रमाणात भरपाई मिळते.

आता समजण्यासाठी काही आकडे कल्पून पाहू. एखाद्या मंडळात बाजरीचे उंबरठा उत्पादन हेक्टरी ११ क्विंटल आहे आणि त्या वर्षीचे खरे सरासरी उत्पादन १० क्विंटल आहे. म्हणजे विमा रकमेच्या सुमारे ९ टक्के भरपाई देय आहे. परंतु शेताशेतांत फरक असतो. काळ्या जमिनीत १३ क्विंटल, तर माळावर जेमतेम ७. या फरकाचे माप, म्हणजेच प्रमाण विचलन, ३ क्विंटल धरू. १० प्रयोगांच्या सरासरीचा प्रमाण दोष ३ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९५ क्विंटल येतो. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकावरून पाहता, खरे उत्पादन १० असूनही प्रयोगांची सरासरी ११ च्या वर जाण्याची संभाव्यता सुमारे १५ टक्के निघते. कोणीही लबाडी केलेली नसताना, सातांपैकी एका वेळी संपूर्ण मंडळ भरपाईस मुकेल. उलट खरे उत्पादन १२ क्विंटल असताना तितक्याच वेळा भरपाई मिळूनही जाईल. मात्र त्याची तक्रार करावयास कोणी येत नाही!

प्रयोग ४० केले, तर प्रमाण दोष निम्मा होतो आणि हीच चूक शंभरात दोनहून कमी वेळा घडते. चौपट श्रमाने दोष केवळ निम्मा होतो, हा वर्गमूळाचा नियम अंदाजपत्रक करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यातही एकाच गावातील दोन शेते बहुधा एकमेकांसारखी असतात, कारण पाऊस तोच आणि माती तीच. म्हणून तेवढेच प्रयोग अधिक गावांत विखुरल्यास त्यांपासून अधिक माहिती मिळते.

मात्र हे सर्व गणित एका अटीवर टिकते. शेत कोणीही आपल्या पसंतीने निवडलेले नसावे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक निवडीवर आधारलेली पीक कापणी पद्धती देशात रुजविण्यात मोठा वाटा उचलला. गाव, शेत आणि शेतातील जागा ही सर्व यादृच्छिक संख्यांनी ठरतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदीची पावले मोजून खुंटी जेथे येईल, तेथेच प्लॉट आखावयाचा, मग तेथे पीक दाट असो वा विरळ. प्लॉट फार लहान असल्यास उत्पादन फुगून दिसते, हेही सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखविले. दोरीवर येणारी ताटे कापणाऱ्याच्या हातून बहुधा आतच धरली जातात आणि लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते.

असा दोष प्रयोग वाढवून नाहीसा होत नाही. रस्त्यालगतचे शेत सोयीचे म्हणून, किंवा चांगले पीक दाखविण्याच्या हौसेने निवडले, तर ४० प्रयोगही एकाच दिशेने चुकतील. निवडलेल्या शेतातील पीक आधीच कापले गेले असेल, तर बदली शेतही नियमानेच घ्यावे लागते. प्रयोगाच्या दिवशी सरपंच आणि गावकरी बांधावर हजर असल्यास, खुंटी कोठे पडली आणि वजन किती भरले, हे त्यांना तेथेच पाहता येते.