बंदूक नीट करणारे हात

मुलांनो, नरनाळ्याचा किल्ला पाहिलाय का? अकोट तालुक्यातल्या या किल्ल्यावर एक लांबलचक तोफ आहे. लोक तिला ‘नऊगजी तोफ’ म्हणतात. तोफ डागणारा तो गोलंदाज, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तोफ ओतणारा कोण? बिघडलेली बंदूक नीट करणारा कोण? हे आपण विचारतच नाही. विजापूरची ‘मुलूख-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ साली आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. ती ओतणाऱ्याचं नाव होतं महंमद बिन हुसेन रूमी. गावोगावचे शिकलगार तलवारींना धार आणि झिलई करत. ही सगळी शस्त्रांच्या कारागिरांची मंडळी.

आजच्या बंदुकीच्या कारागिराचं काम फार बारीक असतं. भोवरा फिरत असला की सरळ उभा राहतो आणि वेग मंदावला की डुलायला लागतो, हो ना? रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. या खाचा झिजल्या की नेम चुकतो. नळी तपासायची, झिजलेला भाग ओळखायचा, स्प्रिंग बदलायची, लाकडी दस्ता बसवायचा. केसाएवढा फरकही इथे चालत नाही, कारण सदोष बंदूक चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

म्हणूनच कायदा कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवायला तर परवाना लागतोच, पण दुरुस्त करायलासुद्धा लागतो. चोरून गावठी कट्टा बनवणाऱ्याला किमान सात वर्षांची कैद होते, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. “हात चांगला आहे” एवढ्यानं भागत नाही बरं का!

मग सरळ वाट कोणती? दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम करता येतो. त्यानंतर सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून संधी मिळू शकते. अकोल्याहून भुसावळकडे जाताना वरणगाव लागतं, तिथे काडतुसांचा कारखाना आहे. पूर्वेकडे नागपूरला अंबाझरीचा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागले गेले. सैन्यात आणि पोलीस दलात शस्त्रांची निगा राखणारा ‘आर्मरर’ असतो. अमरावतीलाच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९ आहे. इंजिनिअर झालात तर पुण्याची ‘ए.आर.डी.ई.’ ही संशोधन संस्था आहे. ‘इन्सास’ रायफलचा आराखडा तिथलाच. नेमबाजीच्या खेळातही रायफल काटेकोर लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, ते आठवतं ना?

पालकांनाही एक सांगणं आहे. बंदूक दुरुस्तीची दुकानं थोडी आणि परवाने मोजके. त्यामुळे फक्त याच धंद्याच्या भरवशावर मुलानं राहू नये. पण फिटरचं कसब शिकलेला हात रिकामा बसत नाही. बंदुकीचं काम नाही मिळालं, तर पंप आहे, ट्रॅक्टर आहे, जिनिंगची यंत्रं आहेत. ‘पोरगं हातानं काम करते’ म्हणून कमीपणा मानू नका.

आणि मुलांनो, बंदूक किंवा काडतूस कुठं दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच मोठ्या माणसांना सांगायचं. हात चालवायचाच असेल तर घरच्यांना विचारून सायकलचं पायडल खोला. आपल्याकडे पोरं म्हणतात, “खोलता येते, पन जमवता येत नाही बाप्पा!” सगळे भाग ओळीनं मांडून ठेवा, पुसा, तेल द्या आणि पुन्हा जसंच्या तसं बसवा. एकही नट उरला नाही, तर समजा कारागिरीचा पहिला धडा झाला.