समुद्रावरचा हापसा

मंडळी, आपण गोदाकाठची माणसे. चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही, ही तहान आपल्याला ठाऊक नाही. २०१७ साली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि आठ महिन्यांनी परतल्या. अशा सफरीत आठवडेच्या आठवडे बंदर लागत नाही.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला शरीर प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करते. तहान वाढतच जाते. यावर उपाय म्हणजे छोटे यंत्र. हवेच्या पन्नासपट दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलायचे. मीठ अलीकडेच राहते. जीवरक्षक तराफ्यासाठी हातपंपही मिळतो. तासभर हापसावे, तेव्हा जेमतेम लिटरभर पाणी येते.

भरला तांब्या मोरीत ओतताना तो एक तास आठवावा.