वसंतातील प्रवासी पक्षी आणि भोर-वेल्ह्याची शेती

भाताच्या खाचरातील हरभरा, मसूर व वाल घरी येऊ लागले, म्हणजे भोर व वेल्हे या तालुक्यांतील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. नेमक्या याच फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत त्याच्या बांधावरून एक मोठी वर्दळ चालू असते. परंतु ती बिनबोभाट असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेकडून हिवाळा घालविण्यास आलेले पक्षी या सुमारास आपल्या विणीच्या प्रदेशाकडे परत निघालेले असतात.

वसंत आला की पक्षी येतात, असे पुष्कळदा वाचनात येते. थंड देशांच्या बाबतीत ते खरे आहे. आपल्याकडे मात्र वसंत हा बहुतांशी पक्ष्यांच्या निरोपाचा ऋतू होय. दिवस मोठा होऊ लागला की या पक्ष्यांच्या शरीरात बदल घडतात. ते अधिक खाऊ लागतात व त्यांच्या अंगावर चरबी साठते. हजारो मैलांच्या उड्डाणाची ती शिदोरीच असते. पुष्कळांचा पिसाराही याच वेळी पालटतो. ओढ्याकाठी शेपटी खालीवर हलवीत धावणारा धोबी सर्वांच्या ओळखीचा आहे. पांढऱ्या धोब्याचा हिवाळ्यात पांढरा असलेला गळा मार्चमध्ये काळा होऊ लागतो, आणि पिवळ्या धोब्याचे पोट हळदीसारखे उजळते. असे धोबी दिसू लागले म्हणजे त्यांच्या प्रयाणाचे दिवस जवळ आले असे समजावे.

ही वर्दळ पाहण्यास भाटघरच्या जलाशयाचा काठ फार सोयीचा आहे. वेळवंडी नदीवरील हे धरण १९२८ साली पुरे झाले. नीरेच्या कालव्यांना पाणी सोडले जाऊ लागले की काठ मागे हटतो, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. या ओल्या गाळात किडे विपुल असतात. सकाळी उन्हे तापण्यापूर्वी तेथे स्वस्थ बसल्यास चरणाऱ्या गुरांच्या पायांशी धोबी, पाण्याच्या कडेने तुतवार आणि तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा दिसतात. गुरांच्या पावलांनी उडालेले कीटक धोबी टिपतो, तर माळभिंगरी उडते कीटक हवेतच पकडते. या कामाची मजुरी कोणी मागत नाही.

डोंगरउतारांच्या गवतावरून संथपणे, अगदी खालून उडणारा भोवत्या पाहून तो कोंबडीची पिले नेईल अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अवाजवी आहे. त्याचे मुख्य खाद्य उंदीर, नाकतोडे व लहान पक्षी हे होय. हे भोवत्ये एप्रिलच्या सुमारास कझाकस्तानसारख्या प्रदेशांतील गवताळ मैदानांकडे जातात. येथे असताना ते रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात, हे ध्यानात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

भोरडी (हिच्या नावाचे भोरशी साम्य असल्याचे पाहून गंमत वाटते) या पक्ष्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. गुलाबी अंगाच्या व काळ्या डोक्याच्या या मैनांचे थवे पळस, पांगारा आणि काटेसावर फुलल्या की त्यांवर तुटून पडतात. मध पिताना परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम त्यांच्याकडून होते. परंतु पूर्वेकडील ज्वारीच्या शेतकऱ्यास विचारल्यास तो या पक्ष्याविषयी चांगले बोलणार नाही, आणि त्याची तक्रार खोटी नाही. कणसात दाणा भरताना हे थवे नुकसान करतात. घाणेरीची फळे खाऊन तिचे बी पसरविण्यातही त्यांचा हात आहे. उलट, विणीच्या प्रदेशात हाच पक्षी टोळांचा वैरी ठरतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात त्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचल्या जातात. तेव्हा पक्षी सरसकट मित्र किंवा सरसकट शत्रू मानू नये. पीक कोणते व ते कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहून ठरवावे.

हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी शेतात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस याच विचारावर आधारलेली आहे. काठीवर आडवी काठी बांधली की झाले. कोतवाल व साळुंकी हे येथेच राहणारे पक्षी त्यावर बसून अळ्या वेचतात. ज्वारीसारख्या पिकात मात्र दाणा भरू लागताच थांबे काढून घ्यावेत.

आता वणव्याविषयी. या दोन तालुक्यांत मार्च ते मे या काळात डोंगर पेटतात. काही आगी निष्काळजीपणाने लागतात, काही गवत चांगले फुटेल या समजुतीने लावल्या जातात, तर काही वेळा राब भाजताना जाळ आवाराबाहेर जातो. निघण्याच्या तयारीत असलेल्या भोवत्याचा निवारा त्यात जळतो. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि रानकोंबडीही याच दिवसांत जमिनीवर अंडी घालते. त्यांना तर पळून जाण्याचा मार्गच नसतो. गवताची मुळे होरपळून पहिल्या पावसात माती खाली येते, हे नुकसान शेतकऱ्याच्या स्वतःच्या खाचरापर्यंत पोहोचते. राब भाजावयाचाच असल्यास वारा पडलेला असताना, भोवती साफ पट्टा काढून व पाणी हाताशी ठेवून भाजावा. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेस भाताच्या तुसाची काळी राख देतात. ती पद्धत स्वीकारल्यास राबाची गरजच उरत नाही.

पक्षी पकडणे, मारणे वा अंडी काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत सांगावे.

शाळेतील मुलांच्या मदतीने प्रत्येक गावी एक वही ठेवता येईल. शेवटचा धोबी कोणत्या तारखेस दिसला, तारांवरील माळभिंगऱ्या केव्हा नाहीशा झाल्या, पांगाऱ्यावर भोरड्या किती दिवस होत्या, एवढेच त्यात लिहावे. पक्ष्याचे नाव ठाऊक नसल्यास रंग, आकार व जागा लिहिली तरी चालेल. वही एप्रिलमध्ये बंद करू नये. मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग विणीसाठी येतो व झाडीतून त्याची शीळ ऐकू येते. त्यानंतर आफ्रिकेतून चातक येतो. त्याची तारीख लिहून ठेवावी आणि पुढे पहिला पेरता पाऊस कधी झाला तीही तिच्या शेजारी लिहावी.