रांग वाढली, गाव आटलं

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा अठरावा सोहळा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. चांदीची पेटी से कॅथेड्रलमधून रस्ता ओलांडून बॉम जेझूस बासिलिकेत परत गेली आणि मागोमाग मंडपवाल्यांचे टेंपो लागले. दर दहा वर्षांनी हे असंच होतं. त्या खेपेला मात्र सोहळ्याचं तोंडच कडू झालं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात एका माजी संघनेत्याने अवशेषांची डीएनए चाचणी करा अशी मागणी केली, मडगावात लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांत तक्रारी गेल्या. ते शव एका श्रीलंकन भिक्खूचं आहे हा दावा काही नवा नाही, तिकडे तो कैक वर्षं चघळला जातोय. मला झोंबलं ते दुसरंच. ‘तुमचा सायब’ (म्हणजे झेवियर) आणि ‘आमचा देव’ अशी वाटणी घालत जे तावातावाने बोलत होते, त्यांतला एकही जण जुन्या गोव्याच्या रांगेत कधी उभा राहिला असेल असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत नव्हतं. दोन्ही बाजूंचे धरून सांगतोय.

जुना इतिहास भराभर उरकतो, शाळेत तो आपण पुरेसा घोकलाय. १५१० मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने जुन्या गोव्याचं शहर घेतलं, पुढची शंभरेक वर्षं त्याने ऐश्वर्य मिरवलं, मग साथींनी ते पोखरलं. १८३५ मध्ये मठ बंद झाले, १८४३ मध्ये राजधानीचा मान रीतसर पणजीकडे गेला. झेवियर १५४२ मध्ये इथे आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि १५५४ मध्ये त्याचं शव गोव्यात पोचलं. इन्क्विझिशन गोव्यात आणा असं पत्र त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला धाडलं होतं, तेही विसरायचं कारण नाही. समोरच्या दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपार नार्व्याला गेला आणि शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून दिलं, हे प्रत्येक गोवेकराला ठाऊक आहे. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला तेव्हा व्हाइसरॉय धावत बॉम जेझूसमध्ये गेला, पेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हवाली केला. मराठी माणसाला हा प्रसंग फार आवडतो. सभांमधून तो हमखास येतो, आणि तिथेच आपलं जुनं गोवं संपतं.

माझं तिथे संपत नाही, कारण १९८४ ते ९४ ही वर्षं मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात काढली आणि जुनं गोवं माझ्या वाट्याला आलेलं होतं. वाट्याला म्हणजे गळ्यात. फेस्ताची, म्हणजे झेवियरच्या वार्षिक उत्सवाची, बातमी आतल्या पानावर, एका स्तंभात, ‘भाविकांची गर्दी’ एवढ्यावर भागवावी असं आमच्या संपादकांचं धोरण होतं. १९८४ च्या नोव्हेंबरात शवप्रदर्शन सुरू झालं तेव्हा इंदिराजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता, निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे संपादकांना बातमी कापायला आयतीच सबब मिळाली. त्याच रांगेत मला त्यांच्या घरची मंडळी भेटली, हातात नवसाची मेणबत्ती घेऊन. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही, पण त्यांनी बातमी कापली तो राग काही गेलेला नाही.

रांग कशी होती ते सांगतो. गांधी सर्कलला कदंबाच्या गाड्या रिकाम्या होत. सावंतवाडीकडून, बेळगावकडून, कारवारकडून चालत आलेले लोक पहाटे गारठ्यात रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलेले असत. फोंड्याकडच्या बायका केसांत अबोलीचे वळेसार माळून, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. बासिलिकेबाहेर मेणाचे अवयव विकणाऱ्या बायका बसत. हात, पाय, डोकं, डोळ्यांची जोडी, कधी सबंध तान्हं मूल. गुडघा दुखतो तर पाय घ्यायचा, मूल होत नसेल तर मूल. एका म्हातारीने माझ्यादेखत मेणाचा पाय उलटसुलट करून पाहिला आणि विक्रेतीला म्हणाली, ‘हो दावो, म्हाका उजवो जाय.’ विक्रेतीने टोपली उपसून उजवा काढून दिला. कुणाचा धर्म कोणता हे त्या दोघींपैकी कुणी विचारलं नाही, कारण आडनाव विचारायला तिथे सवड कुणाला होती? काचेमागच्या सुकलेल्या चेहऱ्यासमोर दोन-चार सेकंद मिळत, कपाळ टेकायचं आणि पुढे सरकायचं. बाहेर आलं की खाजं आणि चणे.

मग १९८६ उजाडलं. फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे बॉम जेझूसमध्ये येऊन गेले. जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. त्याच वर्षी जुन्या गोव्याच्या चर्च आणि मठांना युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. आणि वर्षभर राजभाषेवरून मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हते. त्या ३ डिसेंबरचं फेस्त मला नीट आठवतं. बार्देशची माणसं बेतीहून फेरीबोटीने खेटून पलीकडे येत होती, आणि त्या बोटीत मराठीचे कट्टर आणि कोंकणीचे कट्टर एकाच कठड्याला धरून उभे होते. तीन आठवडे गेले नाहीत तोच आंदोलनाला हिंसक वळण लागलं, माणसं मेली. फेब्रुवारी ८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, मे महिन्यात घटकराज्य झालं. आम्ही मराठीवाल्यांनी त्या काळात जे अग्रलेख लिहिले ते आता वाचवत नाहीत, आणि समोरच्यांनी लिहिलेलेही वाचवत नाहीत. इथल्या ख्रिस्ती समाजाला परकं ठरवण्याची जी सवय आज बोकाळलीय, तिची पहिली रोपं त्या शाईत उगवली. फादर स्टीफन्सने क्रिस्तपुराण मराठीत लिहिलं म्हणून छाती फुगवणारे आणि रांगेतल्या म्हातारीला परकी म्हणणारे एकाच टेबलावर चहा पीत होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकण रेल्वेचं प्रकरण तापलं. मार्ग किनाऱ्याकडून नको, आतून न्या, असं म्हणणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवलं गेलं. काही काळ काम थांबलंही. शेवटी रेल्वे आली, जुन्या गोव्याजवळच करमळीचं स्थानक झालं, कुठलंही चर्च पडलं नाही आणि विरोधकांची खिल्ली उडाली. पण त्यांच्यातले शहाणे एक गोष्ट सांगत होते ती तेव्हा कुणी ऐकली नाही. जुनं गोवं म्हणजे सात वास्तू नव्हेत. वारसायादीत सात आहेत, पण त्यांच्या मधल्या झाडीत, माडांच्या बागांत, पायवाटांखाली सबंध शहर गाडलेलं आहे. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले ते असंच खोदताना. सात ठिपके जपायचे आणि मधली जागा मोकळी म्हणून सोडून द्यायची, याचं फळ २०२१ मध्ये दिसलं. वारसाक्षेत्रात बंगला उभा राहू लागला आणि लोकांना उपोषणाला बसावं लागलं.

१९९४ चं शवप्रदर्शन मी शेवटचं बातमीदार म्हणून पाहिलं. तेव्हाच ध्वनिक्षेपक जास्त आणि फेरीवाले कमी झाले होते. त्यानंतरची सगळी एकसारखी. २०२४ च्या खेपेला लोखंडी कठडे, वाहनतळ, तिथून सोडणाऱ्या बसगाड्या, रिबंदरच्या वाटेवर आधी कॅसिनोंच्या जाहिराती आणि मग संताचं पोस्टर. गर्दी अफाट होती, तक्रार गर्दीबद्दल नाही. पूर्वी फेस्त गावात भरायचं, आता गाव बाजूला सारून भरवलं जातं, एवढंच म्हणतो.

आणि ज्या बासिलिकेसाठी हे सगळं, तिच्याकडे बघा. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये ती पूर्ण झाली, आणि तिच्या चिऱ्याला गिलाव्याचं कवच होतं. बाल्टाझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने १९५०च्या दशकात तो गिलावा काढून टाकला, का तर जुनी वास्तू जुनी दिसायला हवी. सच्छिद्र चिरा तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी पितोय. २०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरनीच छपराच्या दुर्दशेबद्दल जाहीर ओरड केली. गिलावा पुन्हा द्यावा की लोकांच्या डोळ्यांत बसलेला तांबडा रंग राखावा यावर परिसंवाद झाले, लेख झाले, मीही दोन लिहिले. पुरातत्त्व खात्याला भिंत भिजलेली चालते, पर्यटन खात्याला फोटोत तांबडी हवी असते. रीत पाळली तर पुढचं शवप्रदर्शन २०३४ मध्ये येईल. अवशेष कुणाचे ते तपासा म्हणणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर खटले भरणाऱ्यांनी त्याआधी एखाद्या जुलैत आत जाऊन मागच्या भिंतीला हात लावून पाहावा.