मध काढण्याचा सरंजाम

मधमाश्या पाळण्याचा छंद ज्यांना जडतो त्यांचे पहिले वर्ष पेटी, राणी आणि माश्यांची ये-जा ह्यांच्या कौतुकातच निघून जाते. पण जांभूळ वा हिरडा फुलून गेला आणि वरच्या मधकक्षातील चौकटी हाताला जड लागू लागल्या, म्हणजे घरातले कोणी तरी विचारते की आता हा मध काढायचा कशाने, आणि ह्या साध्या प्रश्नापाशी कित्येकांची हौस अडखळते.

ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर फारसे जुने नाही. सह्याद्रीच्या रानात काय किंवा युरोपच्या खेड्यांत काय, मध काढणे म्हणजे पोळ्याचा निकाल लावणे असेच शतकानुशतके समजले जाई. आपल्याकडे धूर देऊन पोळे कापीत आणि अंडी, पिलावा, पराग व मध असा सगळा ऐवज एकत्र पिळीत, तर तिकडे गवती टोपल्यांतल्या वसाहती गंधकाच्या धुराने मारून टाकीत. हिला वसुली न म्हणता जप्तीच म्हणावे लागेल. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ ह्या धर्मोपदेशकाने माश्या आपल्या जाण्यायेण्यासाठी सुमारे ९ मिलिमीटरांची फट मोकळी ठेवतात हे हेरून १८५२ साली सुट्या, हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. १८५७ साली जर्मनीत मेहरिंग ह्याने मेणपत्रा, म्हणजे माश्यांना पोळे बांधायला पाया देणारा मेणाचा पातळ पत्रा, तयार केला. आणि १८६५ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातील फ्रांत्स फॉन ह्रुश्का ह्या अधिकाऱ्याने ब्रनो येथील मधपाळांच्या संमेलनात, पोळे गरगर फिरवून केंद्रोत्सारी बलाने मध बाहेर फेकणारे यंत्र दाखविले. बादलीत पोळ्याचा तुकडा घालून ती फिरविणाऱ्या आपल्या मुलाकडे पाहून त्याला हे सुचले, अशी आख्यायिका आहे; ती खरी असो वा नसो, यंत्र मात्र आजही तत्त्वतः तेच आहे.

ह्या यंत्राचा खरा उपकार असा, की पोळे शाबूत राहते. एक किलो मेण निर्माण करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा जाणकारांचा अंदाज आहे; तेव्हा रिकामी पोळी पेटीत परत गेली, म्हणजे फुलोऱ्याचे मोजके दिवस घर बांधण्यात न जाता मध साठविण्यात जातात.

आता प्रत्यक्ष कृती. ज्या चौकटीवरील तीन-चतुर्थांश तरी घरे मेणाने मोहोरबंद झाली असतील तीच काढावी, कारण उघड्या घरांतील मध बहुधा कच्चा असतो. पेटीच्या गर्भात ३४-३५ अंशांची ऊब असते. ती चौकटीत शिल्लक आहे तोवरच काम उरकावे, नाही तर महाबळेश्वरच्या गारव्यात दाट झालेला मध घरे सोडता सोडत नाही. परातीत चौकट उभी धरून ती किंचित पुढे झुकवावी आणि गरम पाण्यातून काढून पुसलेली लांब सुरी खालून वर फिरवावी, म्हणजे टोपणांचा पापुद्रा पोळ्याला पुन्हा न चिकटता आपल्याच भाराने परातीत पडतो. मग समान वजनाच्या चौकटी यंत्राच्या पिंपातील जाळीत समोरासमोर बसवायच्या. वजनात तफावत राहिली तर पिंप जमिनीवर नाचू लागते. पहिली बाजू अर्धीच काढून चौकट उलटवायची, दुसरी पुरती काढायची आणि पुन्हा पहिलीकडे यायचे. एका दमात वेग दिला, तर आतल्या बाजूच्या मधाच्या भाराने पोळे फाटते. आपल्या सातेरी माशीचे नवे पोळे तर फारच नाजूक असते, आणि तिच्या चौकटीही लहान असतात; युरोपीय माशीसाठी बनविलेल्या यंत्राच्या जाळीत त्या नीट बसत नाहीत, हे पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चौकटी मांडून दोन्ही बाजू एकदम रित्या करणारी मोठी यंत्रे असतात, पण ती व्यापाऱ्यांची बाब आहे.

ह्या यंत्रालाही न जुमानणारा मध आपल्याच डोंगरांत आहे. कित्येक वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध स्थिर असता थिजल्यासारखा राहतो, ढवळला की पातळ होतो आणि विसावला की पुन्हा थिजतो. स्कॉटलंडच्या हेदरची आणि न्यूझीलंडच्या मनुकाची हीच तऱ्हा. तिकडचे मधपाळ बारीक सुयांचे रूळ फिरवून घराघरातला मध आधी चाळवतात, किंवा सरळ दाबयंत्राला शरण जातात.

निघालेला मध प्रथम जाड आणि मग बारीक गाळणीतून गाळून, तळाशी तोटी असलेल्या उंच भांड्यात एक-दोन दिवस झाकून ठेवावा. हवेचे बुडबुडे आणि मेणाचे कण वर येतात, आणि खालून नितळ मध मिळतो. भांडे पोलादाचे, न गंजणारे असावे, कारण मध आम्लधर्मी असतो आणि जस्ताचा मुलामा खातो. विस्तवावर मध थेट तापविणे हा तर शुद्ध अविचार. त्याने पाचक द्रव्ये नष्ट होतात आणि एचएमएफ नावाचे द्रव्य वाढते, ज्याची कमाल मर्यादा आपल्या अन्नकायद्याने किलोमागे ८० मिलिग्रॅम ठरविली आहे. पाण्याचा अंश २० टक्क्यांहून अधिक असू नये, असेही हाच कायदा सांगतो; त्यापुढे किण्व जागे होऊन मध आंबू लागतो. मध हवेतला ओलावा शोषतो, म्हणून पावसाळी हवेत भांडी उघडी टाकू नयेत. तळहातावर मावणाऱ्या अपवर्तनमापकाच्या काचेवर मधाचा एक थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले, की पाण्याचा हा अंश तत्काळ वाचता येतो.

माझे स्पष्ट मत असे, की ज्यांच्या दोन-तीनच पेट्या आहेत त्यांनी स्वतःचे यंत्र घेऊ नये. चार छांदिष्टांनी वर्गणी काढून हाताने फिरविण्याचे एकच यंत्र घ्यावे, आणि वाचलेल्या पैशातून चांगली गाळणी, तोटीचे भांडे व अपवर्तनमापक प्रत्येकाने आपापले घ्यावे. मात्र रित्या, ओलसर चौकटी पेटीत परत ठेवताना वेळ संध्याकाळचीच निवडा. दिवसा ठेवल्यास त्या वासाने शेजारच्या वसाहतीतील माश्या लुटीला येतात.