मुक्तीचं धर्मशास्त्र (लेखांक ९) : तंजावरचा प्याला

निकाराग्वा पुढच्या आठवड्यात. कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडीहून एका तंजावरी मराठी वाचकाने विचारलंय, ‘पेरू झाला, आर्चबिशप रोमेरो झाले, आमच्या कावेरीकाठचं काय?’ या प्रश्नापुढे मला दुसरं काही सुचेना.

कावेरीकाठी जातीवरचा झगडा, मुक्तीच्या धर्मशास्त्राला नाव देणाऱ्या गुस्ताव्हो गुटिएरेझच्या १९७१च्या पुस्तकाआधी दीडशे वर्षं पेटला होता, तोही चर्चच्या आत. सरफोजीराजांना घडवणारे श्वार्ट्झ पाद्री आपल्याला माहीत असतात. त्यांच्याच हाताखाली वाढलेला तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री सरफोजींच्या तंजावरात मानाने राहिला. तिथल्या चर्चमध्ये वरच्या जातीतले वेळ्ळाळ एका बाजूला बसत, अस्पृश्य मानलेले परैयर दुसऱ्या. प्रभुभोजनाचा प्यालाही आधी वेळ्ळाळांना. नव्या मिशनऱ्यांनी हे मोडायला घेतलं, तेव्हा १८२९ मध्ये शास्त्रींनी जुन्या रिवाजाच्या बाजूने लेखणी उचलली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद ताबडतोब बंद करण्याचा हुकूम काढला, तर तंजावरचे कितीतरी वेळ्ळाळ ख्रिस्ती चर्चच सोडून गेले. शास्त्री फार मोठा कवी होता, म्हणून त्याची ही बाजू मला जास्त सलते.

या जखमेचं धर्मशास्त्र केलं ते एका मराठी माणसाने: अरविंद निर्मळ. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणात ते म्हणाले, की भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन म्हणून आपण जे शिकवतो ते उच्चवर्णीयांच्या वेदान्ताशी चाललेलं बोलणं आहे. चर्चमधल्या बहुसंख्य दलितांचं त्यात काय आहे? पुढे मद्रासच्या गुरुकुल लुथरन कॉलेजात ते दलित धर्मशास्त्राचे विभागप्रमुख झाले.

‘अनुवाद’ पुस्तकाच्या २६व्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक अर्पण करताना आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगतो. निर्मळ म्हणाले, माझ्या पूर्वजाला भटकण्याचंही स्वातंत्र्य नव्हतं. त्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला पाऊल पुसणारी फांदी होती. ती कबुली वाचताना मराठी वाचकाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. लॅटिन अमेरिकेतले धर्मचिंतक कृतीला पहिलं स्थान देतात. निर्मळांच्या मते कृतीच्याही आधी वेदना येते. देव कोण हे दलित त्या वेदनेतूनच ओळखतो. आणि नुसत्या वर्गाच्या भाषेत जात दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप तर मला बिनतोड वाटतो. जुन्या तंजावर जिल्ह्यातलं कीळवेण्मणी आठवा. २५ डिसेंबर १९६८. भांडण शेतमजुरीचं, मजूर लाल बावट्याखालचे. पण झोपडीत जाळल्या गेलेल्या ४४ जणांत बायका आणि मुलंच जास्त होती आणि सगळे दलित होते.

हे दलितांचं धर्मशास्त्र दलितांनीच रचावं, असंही निर्मळ ठामपणे म्हणत. त्यावर त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या पिढीने वाद घातला. तो लेखांक वेगळा. १९९५ मध्ये ते गेले.

वाचकमित्रा, तुमच्याच कुंभकोणम धर्मप्रांतातल्या कोट्टपालयमचे दलित कॅथलिक चर्चमधल्या भेदभावाची तक्रार घेऊन आधी मद्रास उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात.  तिथे कधी गेलात, तर कोण कुठे बसतं आणि मेल्यावर कोणाला कुठे पुरतात, तेवढं मला कळवा.