केशवराव भोसले नाट्यगृह : करवीरनगरीचे स्वरमंदिर

कोल्हापूरच्या खासबागेत मल्लविद्या आणि नाट्यकला एकमेकींच्या पाठीला पाठ लावून नांदत आल्या आहेत. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासाला गेले. तिथली प्राचीन प्रेक्षागारे त्यांच्या मनात घर करून राहिली. त्यातून १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान आकाराला आले. भोवताली उतरती बैठक, मध्ये तांबड्या मातीचा हौदा, आणि कुठेही बसले तरी कुस्ती सहज दिसावी अशी योजना. त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. मल्ल आणि गायक नट या दोघांनाही सारखाच राजाश्रय देणारा हा शेजार अन्यत्र क्वचितच आढळेल.

वास्तू भव्य असली तरी तिचे खरे वैभव डोळ्यांपेक्षा कानांना जाणवणारे होते. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नटाचे पद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे, हीच नाट्यगृहाची कसोटी असे. म्हणून दगडी भिंतींवर लाकडी कैच्यांचे छप्पर तोलून प्रेक्षागृहात मधे एकही खांब येऊ दिला नाही. स्वर घुमावा यासाठी रंगमंचाखाली खोल पोकळी ठेवून तीत पाणी साठवण्याची सोय होती, असे जाणकार सांगतात.

या वास्तूला १९५७ साली संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले, ते सर्वार्थाने उचित होते. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी ऐन अठराव्या वर्षी, १९०८ साली, हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त ते धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी होते. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव निवर्तले. आयुष्य उणेपुरे एकतीस वर्षांचे!

दैवदुर्विलास असा, की ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येलाच, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळून गेल्या. दगडी भिंतींचा बराचसा भाग मात्र तगला. दुसऱ्या दिवशी जयंतीसाठी जमायचे ते कलावंत राखेपुढे अश्रू ढाळत उभे होते.

त्यानंतर महानगरपालिकेने पुनर्बांधणी हाती घेतली. निधी, आराखडे, अग्निसुरक्षा हे सारे आवश्यकच. परंतु आज नाटके ध्वनिक्षेपकावर होतात, तेव्हा जुन्या नादरचनेचा एवढा अट्टहास कशाला, असे म्हणून ती बाजू दुय्यम ठरण्याचा धोका आहे. दर्शनी भाग हुबेहूब साकारता येईल. लाकूड, पोकळी आणि छपराचा उतार यांचे जुने गणित सांभाळणे अधिक कठीण. नव्या रंगमंचावर पहिली नांदी होईल तेव्हा एखादे पद ध्वनिक्षेपक बंद ठेवून गायले जावे, आणि रसिकांनी ते शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.